चढावरची गल्ली

"साहेब, बाया चरात बसल्यात. जेसीबी बंद ठेवलाय."

सकाळी साडेसातला सुपरवायझरचा फोन आला तेव्हा मी लातुरात होतो. एप्रिलचे दिवस. काम औसा तालुक्यातल्या एका गावचं, जलजीवन मिशनची नळयोजना. ठेका आमच्या कंपनीचा आणि प्रकल्प व्यवस्थापक मी.

गाव पुनर्वसित. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर जुनी जागा सोडून माळावर वसवलेलं. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून घरं होती. इथं मोकळे प्लॉट, रुंद रस्ते. राहायला चांगलं, पण पाईप घालणाऱ्याचं अंतर वाढतं आणि माळाचा सगळा चढउतार गावठाणातच येतो.

वाटेत मी आठवत राहिलो, कुणाला भेटायचं राहिलं? सरपंचांकडे दर आठवड्याला चहा होत होता. ग्रामसेवक, जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचे शाखा अभियंता, दोघांशी चांगलं बोलणं होतं. आमच्या फाईलीत 'स्टेकहोल्डर रजिस्टर' नावाचा, कामाशी संबंध असलेल्या माणसांचा तक्ता होता, त्यात अकरा नावं. गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात, तशा कागदावर होत्याही. पण बैठकीची वही सह्यांसाठी घरोघरी फिरायची. ते मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो होतो, कारण त्यामुळे काम कुठं अडत नव्हतं.

पोचलो तर वरच्या गल्लीतल्या पंधरा-वीस जणी चराच्या आत पाय सोडून बसलेल्या. काळ्या पाईपाचं बंडल तसंच पडलेलं. सुपरवायझर म्हणाला, पोलिसांना फोन लावू का? मी नको म्हटलं. मग मी जे केलं ते चुकीचंच होतं. नकाशा उलगडून समजावायला लागलो. माणशी दिवसाला 55 लिटर पाणी, शेवटच्या नळाला 7 मीटर दाब, म्हणजे पाणी सात मीटर उंच चढेल एवढा जोर, सगळं हिशोबात धरलंय म्हणालो.

एक अक्का उठल्या. सत्तरीच्या तरी असतील. म्हणाल्या, "बापू, तुझ्या कागदावर चढलं असंल पाणी. हितं चढ आम्ही चढतो, डोक्यावर घागर घिऊन. सत्तावीस-अठ्ठावीस वर्सं झाली. नवी लाईनबी त्याच वाटंनं खांदायलाव. अन् लोकवर्गणी आमच्याकडूनबी घेणार ना?"

मी नकाशा गुंडाळला आणि चराच्या कडेला बसलो. विचारलं, गावातल्या पाण्याचं सगळ्यात जास्त कुणाला कळतं? सगळ्यांनी एकाच दिशेला बघितलं.

लिंबाखाली पंचायतीचे वॉलमन, पाण्याचे व्हॉल्व उघडबंद करणारे, उभे होते, खांद्यावर लोखंडी चावी घेऊन. आठ महिन्यांत मी त्यांना शंभरदा बघितलं असेल. पाणी सोडणारे मामा, एवढीच ओळख. अकरा नावांत त्यांचं नाव नव्हतं.

मामा आधी बोलायलाच तयार नव्हते. "मला कोण इचारतंय साहेब," एवढंच. मग चालायला लागले, मी मागोमाग. खालच्या गल्लीतल्या वॉलपाशी थांबले. चावी खाली घालून अर्धा आटा फिरवला आणि तिच्या दांड्याला कान लावला. मलाही लावायला सांगितला. आत घुर्र असा आवाज. "हे पाणी पळायलंय. आता वर चला." वरच्या गल्लीच्या वॉलवर तसाच कान लावला. काहीच नाही.

खालच्या गल्लीत त्यांनी नळाचे खड्डे दाखवले. दाब कमी म्हणून लोकांनी अंगणात गुडघाभर खड्डा घेऊन नळ खाली उतरवलेले. काहींनी थेट नळाला मोटार जोडलेली. वर जाणारं पाणी तिथंच ओढून घेतलं जायचं. दोष कुणाला द्यायचा, आठवड्यातून एकदा पाणी येत असेल तर मीही खड्डा खणला असता. मग मामा मंदिराच्या पुढं गेले आणि म्हणाले, "तुमच्या पोरांनी माप हितवर घेतलं. म्होरं कुणी गेलंच नाही. ऊन होतं त्या दिवशी."

दुपारी ऑटो लेव्हल, जमिनीची उंची मोजायचं यंत्र, मागवून मी स्वतः लावली. मोजायची उभी पट्टी मामांनी धरली. शेवटचं घर आमच्या नकाशातल्या पातळीपेक्षा 3.4 मीटर उंच निघालं. आमच्या 7 मीटरांतले निम्मे तिथंच गेले, उरलेले खड्ड्यांनी आणि मोटारींनी खाल्ले असते.

चूक आमची होती. मी चरापाशी जाऊन तसं सांगितलं. पाणी देतो असं म्हणालो नाही. म्हणालो, "टाकीपासून या गल्लीला वेगळी लाईन घालावी लागेल. त्याला शाखा अभियंत्यांची मंजुरी लागते. उद्या त्यांना इथं आणतो. तोवर पुढं खणणार नाही." अक्का म्हणाल्या, "आण. आम्ही उद्याबी हितंच हाव."

शाखा अभियंत्यांना फोनवर आमची चूक लपवून सांगता आली असती. आठ महिने त्यांना प्रत्येक मोजमाप खरं दिलं होतं, म्हणून हेही खरंच सांगितलं. ते थोडे चिडले. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मात्र हजर होते.

खरी अडचण संध्याकाळी आली. सरपंचांच्या वाड्यावर गेलो तर त्यांनी बसा म्हटलं नाही. "आधी माझ्याकडं यायचं होतं. गावात मी हाव का न्हाई?" त्यांचंही बरोबर होतं. उद्या योजना चालवायची पंचायतीलाच. मी माफी मागितली आणि मोटारींचा विषय त्यांच्यापुढं ठेवला, कारण तो ठेकेदाराला सोडवता येत नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन मोटारी माझ्या भावकीतल्याच हायत. बघतो." पुढच्या ग्रामसभेआधीची महिला सभा त्या गल्लीतच भरली. वही फिरली नाही, बाया स्वतः आल्या. रजिस्टरात मी बारावं नाव मामांचं लिहिलं आणि दर सोमवारी गावात शिरलो की आधी त्यांना गाठायला लागलो. पंचायतीत कळायच्या आधी गळती त्यांना कळायची.

मंजुरीला सात आठवडे गेले. तेवढे दिवस दर सोमवारी त्या गल्लीत जाऊन 'अजून आली नाही' असं सांगणं मला सगळ्यात जड गेलं.

चाचणीच्या दिवशी मामांनी नव्या वॉलवर चावी घातली, कान लावला आणि हात वर केला. "चढायलंय." शेवटच्या घरी नळ गुरगुरला, हवा सुटली, मग गढूळ पाणी आलं. मी सगळ्यांना ओरडून सांगत होतो, पहिलं पाणी सोडून द्या, पाईपातली माती असते, पिऊ नका. कुणी सोडलं नाही. अक्कांनी ते बादलीत धरलं आणि म्हशीपुढं नेऊन ठेवलं.