अण्णांचा ग्लास

आमच्या लातूरच्या घरात एक स्टीलचा ग्लास आहे, तो पाणी प्यायला कुणी घ्यायचा नाही. मिरग निघाला की तो गच्चीच्या कठड्यावर दोन विटांच्या मधी जाऊन बसतो, आणि पाऊस उघडला की अण्णा त्यात शाळेची पट्टी बुडवून किती मिलिमीटर ते कॅलेंडरवर लिहितात. पट्टीचा शून्य टोकापासून जरा आत असतो म्हणून तेवढं टोक त्यांनी फरशीवर घासून काढलंय. ग्लास सरळ उभाच पाहिजे, बादलीसारखा वर पसरट असला की माप खोटं येतं, हे तर दूधवाल्यालाही पाठ झालंय.

मागच्या जूनमध्ये भाच्याचा लंडनहून व्हिडिओ कॉल आला. "आजोबा, इथं नुसता पाऊस हो, छत्रीशिवाय बाहेर पडता येईना." अण्णांनी कोरड्या ग्लासकडं बघून मोठा उसासा टाकला. मी आपलं सहज मोबाईलवर बघितलं तर लंडनचा वर्षाचा पाऊस साधारण 600 मिलिमीटर. आणि आपल्या लातूरची सरासरी? साडेसातशे-आठशे!

"काय फेकूलालास रे," अण्णा म्हणाले.

त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं याच गावात, आधी 10 वॅगन आणि मग 50 वॅगनची गाडी, एका खेपेला 25 लाख लिटर. पाणी भरायच्या जागी 144 कलम लागलं होतं. त्या माणसाला लंडनपेक्षा आपल्याकडं जास्त पडतो म्हणून सांगायचं म्हणजे चेष्टाच की.

पण गंमत मिलिमीटरमध्ये नाहीच, पडण्यात आहे. तिकडं बारा महिने थोडं थोडं भुरभुरतंय, ऊन बेताचं, त्यामुळं पडलेलं वाळतच नाही लवकर. आपल्याकडं चार महिन्यांची बोली, त्यातही नीट पाऊस म्हणावा असे दिवस चाळीस-पन्नास, आणि येतो तेव्हा दोन तासांत बांध फोडून जातो. खाली काळा पाषाण, त्यात मुरणार किती, आणि राहिलेलं एप्रिलचं बेचाळीस डिग्रीचं ऊन पिऊन टाकतं.

चेरापुंजीचंही तेच. ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या एका वर्षात तिथं 26,461 मिलिमीटर पडला, म्हणजे सव्वीस मीटर, आठ-नऊ मजली बिल्डिंग बुडेल एवढा. आणि त्याच गावात हिवाळ्यात बायका पाण्यासाठी लांब जातात, कारण सगळं डोंगरावरून खाली बांगलादेशाकडं निघून जातं. हे ऐकून अण्णांना का कुणास ठाऊक, बरंच वाटलं.

मग मी त्यांना चिलीतलं आरिका सांगितलं. समुद्रकाठचं गाव, पण वर्षाची सरासरी एक मिलिमीटरसुद्धा नाही, आणि 1903 ते 1918 मध्ये सलग चौदा वर्षं तिथं थेंब पडला नव्हता. त्या वाळवंटात काही ठिकाणी डोंगरावर जाळी लावून धुक्यातलं पाणी गोळा करतात म्हणे.

"ग्लासाचा बूडबी भिजायचा नाही की," अण्णा म्हणाले, आणि मग बराच वेळ गप्प. नंतर स्वतःच हिशोब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. आमची गच्ची हजार स्क्वेअर फूट, म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर धरा. सरासरी वर्षाला सत्तर हजार लिटर नुसतं आमच्या डोक्यावर पडतंय आणि पाइपातून गटारीत चाललंय, आणि उन्हाळ्यात आम्ही टँकरवाल्याला दादा-बाबा करतो. तो पाइप अण्णांनीच बसवलेला, त्यामुळं मी काही बोललो नाही.

चार दिवसांनी भाच्यानं फोटो पाठवला. त्यानं पण बाल्कनीत काचेचा ग्लास ठेवला होता. दिवसभराचा लंडनचा पाऊस, सोबत पट्टी. अण्णांनी चष्मा वर करून, बोटांनी फोटो मोठा करून बघितला. तीन मिलिमीटर.

"एवढ्यासाठी छत्री घेऊन हिंडूलालंय येडं," म्हणाले, आणि आपला ग्लास उलटा करून झटकायला गच्चीवर गेले.