लेकीची पोटगी: उशिरा केलेल्या अर्जाचा अनुभव

माझ्या मुलीच्या वडिलांनी तिच्या खर्चासाठी पैसे पाठवणे जानेवारी २०२३ मध्ये थांबवले आणि मी न्यायालयात अर्ज दाखल केला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. मधले वीस महिने मी वाट पाहण्यात घालवले. त्या काळातील एक रुपयाही माझ्या मुलीला मिळालेला नाही, कारण न्यायालयाने पोटगी मंजूर केली ती अर्जाच्या तारखेपासून, पैसे थांबल्याच्या तारखेपासून नव्हे. हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

आम्ही २०२२ पासून वेगळे राहतो. मी मुलीला घेऊन नागपूरला माहेरी आले आणि ते नोकरीसाठी पुण्यातच राहिले. घटस्फोट झालेला नव्हता, त्यामुळे पोटगी मागण्याचा प्रश्नच अजून उद्भवत नाही, अशी माझी समजूत होती आणि ती साफ चुकीची होती. पोटगीसाठी घटस्फोट व्हावा लागत नाही. मुलाच्या बाबतीत तर आईवडिलांचे लग्न झालेले असण्याचीही अट कायद्यात नाही, आणि हा मार्ग सर्व धर्मांच्या लोकांसाठी एकच आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. कोर्टाच्या आवारात अजूनही सगळे ‘एकशेपंचवीस’च म्हणतात.

उशीर होण्याचे दुसरे कारण घरातले होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे बाबा म्हणत, आणि माझ्या मनातही भीती होती की कागद गेला की उरलेसुरले संबंधही तुटतील. फोनवर मात्र दर महिन्याला ‘पुढच्या पगाराला पाठवतो’ असे उत्तर मिळत राहिले.

ऑगस्ट २०२४ मध्ये माझे मोठे दीर घरी आले. त्यांनी टाइप केलेला स्टॅम्प पेपर सोबत आणला होता. दोन लाख रुपये एकदाच घ्यायचे आणि मुलीसाठी पुन्हा कधीही काही मागणार नाही, असे त्यात लिहिलेले होते. शाळेची फी थकलेली होती आणि खरे सांगायचे तर मी पेन हातात घेतले होते. आई म्हणाली, ‘आधी कोणाला तरी दाखव.’ तो कागद घेऊन मी दुसऱ्या दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे महिला आणि मुलांना उत्पन्नाची मर्यादा न लावता मोफत वकील मिळतो, हे मला तोवर माहीत नव्हते. मी खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते, महिन्याला सोळा हजार रुपये मिळतात, त्यामुळे ही सोय आपल्यासाठी नसावी असे मी गृहीत धरले होते. प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकीलबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, ‘ताई, स्वतःचा हक्क सोडायचा की नाही हे तुम्ही ठरवाल, पण मुलीचा हक्क सोडून देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. तो तिचा आहे.’ अर्ज तयार झाला तेव्हा अर्जदार म्हणून मुलीचे नाव होते आणि त्याखाली ‘अज्ञान, तर्फे अ.पा.क. आई’ म्हणून माझे. ‘अज्ञान’ म्हणजे अठरा वर्षांखालील, आणि ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्या एका ओळीने माझ्या मनातली बरीच ओढाताण संपली. मी नवऱ्याकडे काही मागत नव्हते. मुलगी वडिलांकडे मागत होती.

अर्ज नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला. नवरा पुण्यात असला तरी पत्नी जिथे राहते तिथे हा अर्ज करता येतो, आणि महाराष्ट्रात महिलांना पोटगीच्या प्रकरणात न्यायालयीन शुल्क माफ आहे. नोटीस मात्र दोन वेळा ‘घर बंद’ असा शेरा येऊन परत आली. तिसऱ्यांदा नोकरीच्या ठिकाणचा पत्ता दिला तेव्हा, नोव्हेंबरमध्ये, ती बजावली गेली. पत्ता पहिल्याच वेळी नीट दिला असता तर दोन महिने वाचले असते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो उत्पन्न आणि मालमत्तेच्या शपथपत्रात, आणि तो जायलाच हवा होता. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात निकाल दिला आणि देशभरातील पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी असे शपथपत्र देणे बंधनकारक केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी हेही त्याच निकालात आहे. ते प्रकरण मुळात आमच्या नागपूरच्याच कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेले होते. शपथपत्रात पगार, बँक खाती, विमा, कर्जे, दागिने, वाहन, घरभाडे, अवलंबून असलेली माणसे असे सगळे लिहावे लागते. मी माझा पगार लिहू नये, असे एका नातेवाइकांनी सुचवले होते. वकीलबाईंनी स्पष्ट शब्दांत नकार दिला. खोटे शपथपत्र उघडे पडले तर कारवाई होऊ शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. आई कमावते म्हणून वडिलांची जबाबदारी संपत नाही. खर्चाची वाटणी दोघांच्या कमाईच्या प्रमाणात होऊ शकते, एवढेच.

मुलीच्या खर्चाचा तक्ता मी तीन रात्री बसून केला. शाळेची फी, व्हॅन, वह्या-पुस्तके, दूध, औषधे आणि घरखर्चातला तिचा वाटा धरून महिन्याला साधारण साडेतेरा हजार रुपये होत होते. ज्या रकमेची पावती होती ती टिकली. जिची नव्हती तिच्यावर समोरच्या वकिलांनी प्रश्न विचारले. समोरून आलेल्या शपथपत्रात पगार बावीस हजार लिहिला होता. तो खरा नाही हे मला माहीत होते, पण मला माहीत असणे हा पुरावा नव्हता. वकीलबाईंनी कंपनीकडून पगाराचा तपशील मागवण्याचा अर्ज दिला आणि प्रत्यक्ष हाती येणारा पगार एकेचाळीस हजार निघाला. इथे मी एकटी असते तर नक्की अडखळले असते. कौटुंबिक न्यायालयात पक्षकार स्वतः बाजू मांडू शकतो, किंबहुना तिथे वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाच्या परवानगीने मिळतो. उत्पन्न उघड असेल आणि वाद फक्त रकमेचा असेल तर माणूस स्वतः उभा राहू शकतो, असे आता मला वाटते. पण समोरचा उत्पन्न लपवत असेल, मुलाच्या ताब्याचा दावा करत असेल, परदेशात निघून गेला असेल किंवा सही करायला कागद पुढे करत असेल, तर त्याच आठवड्यात वकील गाठावा.

एक गोष्ट लिहायला जड जाते. पैसे बंद झाल्यावर मी मुलीची तिच्या वडिलांशी भेट बंद केली होती. ‘पैसे नाहीत तर भेट नाही’ असे मी फोनवर म्हटले होते आणि तो संदेश त्यांनी न्यायालयात सादर केला. विवाह समुपदेशकांनी मला वेगळे बसवून समजावले की पोटगी आणि भेट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. भेट मिळत नाही म्हणून बाप पैसे थांबवू शकत नाही आणि पैसे मिळत नाहीत म्हणून आई भेट अडवू शकत नाही. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती आणि आठ महिने तिने वडिलांना पाहिले नव्हते. त्यानंतर दर महिन्याला एका रविवारी भेट ठरली आणि ती मी आजवर चुकवलेली नाही.

अंतरिम पोटगीचा, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. आमचा आदेश एप्रिल २०२५ मध्ये झाला. मुलीला दरमहा साडेआठ हजार रुपये, सप्टेंबर २०२४ पासून, आणि मार्चपर्यंतची एकोणसाठ हजार पाचशे रुपयांची थकबाकी तीन हप्त्यांत, असे त्याचे स्वरूप होते. पगाराच्या पंचवीस टक्के मिळतातच असे अनेकांनी मला सांगितले होते. तसा कोणताही ठरलेला तक्ता आपल्याकडे नाही. न्यायालय गरज, दोघांची कमाई आणि मुलाचे राहणीमान पाहून रक्कम ठरवते.

आदेश हातात आला म्हणजे पैसे आले, असेही नाही. थकबाकी फिटली, पण जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२५ चे पैसे आले नाहीत. या वेळी मी थांबले नाही. ऑक्टोबरमध्ये पंचवीस हजार पाचशे रुपयांच्या वसुलीची दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दिली. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अशी दरखास्त द्यावी लागते, नाहीतर त्या महिन्यापुरता हा मार्ग बंद होतो. न्यायालय दंडाप्रमाणे वसुलीचे वॉरंट काढू शकते आणि तरीही रक्कम राहिली तर एकेका महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही. आमच्या प्रकरणात वॉरंट निघाल्यावर आठवड्याभरात पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली. त्यांना तुरुंगात पाठवण्याची माझी इच्छा कधीच नव्हती, आणि ती वेळ आली नाही याचे मला समाधान आहे.

आता मुलगी पहिलीत जाईल आणि फी वाढेल. परिस्थिती बदलली की पोटगीची रक्कमही बदलून मागता येते, त्यासाठी संहितेत कलम १४६ आहे. नव्या शाळेचे फीपत्रक, व्हॅनची पावती आणि माझ्या पगाराची ताजी चिठ्ठी मी फाइलला लावून ठेवली आहे. वकीलबाईंनी सोमवारी सकाळी अकराला बोलावले आहे.