पाडव्याला साल संपतं, तेव्हाच निघावं

सोलापूरकडे सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्यालाच संपतं. चार-पाच कुटुंबांनी मिळून उभी केलेली शेतावरची वस्ती सोडायची ठरली, तर हाच मुहूर्त धरावा. पंचांगाशी त्याचा काही संबंध नाही. हस्ताच्या ओलीवर पेरलेली मालदांडी ज्वारी तोवर निघालेली असते, मळणी उरकून कडब्याची गंज रचलेली असते, आणि खरिपाचं बी-खत अजून कुणी आणलेलं नसतं. उभं पीक कुणाचं, हा वादच उरत नाही. विहिरीला पाणी किती राहिलं तेही डोळ्यांना दिसतं. मृगात पेरणी करून श्रावणात निघणारा माणूस मागच्यांच्या गळ्यात खुरपणी बांधून जातो, आणि सुगीत वाटा मागायला आला की सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. एक अडचण आहे: मुलांच्या परीक्षा पाडव्याच्या पुढे जातात. हिशोब पाडव्याला मिटवावा आणि शाळेचा दाखला हातात आला की सामान हलवावं.

सांगायचं मात्र दिवाळीतच. रब्बीची पेरणी तेव्हा नुकतीच आटोपलेली असते. रात्रीच्या पाण्याच्या पाळ्या, दूध, स्वयंपाकघर यांत कुणाची जागा कोण घेणार हे ठरवायला पाच महिने मिळतात. फाल्गुनात एकदम ‘आम्ही निघतोय’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला ते निघून जाणं न वाटता सोडून जाणं वाटतं.

आता कागद. आधी सातबारा काढा आणि जमीन नक्की कुणाच्या नावावर आहे ते बघा, कारण निरोपाचा सगळा प्रकार त्यावर ठरतो. सामाईक सातबारा असेल आणि आपला हिस्सा बाकीच्यांना द्यायचा असेल, तर ‘हक्कसोड करू, पाचशे रुपयांत होतं’ असं कुणीतरी हमखास सांगतं. ते जमतं फक्त वडिलोपार्जित मिळकतीत, तेही ठराविक जवळच्या नातलगांच्या नावे. मित्रामित्रांत हक्कसोड केली तर बाजारमूल्यावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. दुय्यम निबंधकाच्या टेबलापाशी हे कळून दोन घरांची तोंडं उतरण्यापेक्षा, शुल्क कुणी भरायचं ते दिवाळीतच ठरवा. माझ्या मते घेणाऱ्याने भरावं, जमीन त्याच्याकडे राहते.

हिस्सा तोडून वेगळा करून घ्यायचा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. तुकडेबंदी लक्षात ठेवा: २०२३ च्या अधिसूचनेनंतर प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे झालं. त्यानंतरही नियम हलले आहेत, तेव्हा अर्जाआधी तहसीलमध्ये विचारून घ्या. तुकडा काढताना त्याला वाट कुठून, हे नकाशावर पेन्सिलीने आखून सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढे कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते, पण तोवर बोलाचाली बंद झालेली असते.

दस्त झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. फेरफार, म्हणजे नावाच्या बदलाची नोंद, धरला जातो, नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. तलाठ्याला (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी, बोलण्यात तलाठीच) एकदा भेटून नवा उतारा काढा. जुनं नाव कंसात गेलेलं आणि शेजारी फेरफार क्रमांक आलेला दिसला पाहिजे. त्याच उताऱ्यावर ‘इतर हक्क’ वाचा. विकास सोसायटीच्या पीककर्जाचा इकरार (तारणाचा लेखी करार) तिथे बोजा म्हणून बसलेला असतो. कर्ज फेडलं तरी तो आपोआप उतरत नाही, कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला नेऊन द्यावा लागतो. शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला असाल, तर गाव सोडल्याने जामीनकी सुटत नाही. बदली जामीनदार द्या आणि सोसायटीकडून तसं लेखी घ्या.

शहरातून आलेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. आपल्याकडची एवढीच शेतजमीन असेल, तर ती सगळी देऊन टाकण्याआधी दोनदा विचार करा. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पाच वर्षांनी पुन्हा मातीची ओढ लागली तर शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणणार?

ज्यांनी पैसे घातले पण जमीन एका शेतकरी मित्राच्या नावावर राहिली, त्यांचं प्रकरण सर्वात नाजूक. जमिनीवर त्यांचा हक्क दाखवता येत नाही. ती रक्कम उसनी म्हणून कागदावर आणावी लागते, आणि उसन्याच्या वसुलीची मुदत साधारण तीन वर्षं असते. मुदत संपण्याआधी सहीनिशी लेखी कबुली घेतली तर ती नव्याने सुरू होते. परतफेड बँकेतूनच घ्या. वस्ती सार्वजनिक न्यासाची असेल आणि तुम्ही विश्वस्त असाल, तर राजीनाम्यानंतर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जातो की नाही यावर लक्ष ठेवा. तो गेला नाही तर पुढची कित्येक वर्षं नोटिसा तुमच्या नावाने येत राहतात. सहकारी संस्था असेल तर सभासदत्व संपलं तरी त्या तारखेपर्यंतच्या देण्यांची जबाबदारी दोन वर्षं अंगावर राहते.

पैशाचा हिशोब करताना मी एकच रेघ ओढतो: रोख घातलेलं मागावं, राबलेलं मागू नये. श्रमाचे तास काढायला बसलं की ज्याने पहाटे तीनला पाण्याची दारं धरली त्याचा तास आणि ज्याने सावलीत वही लिहिली त्याचा तास, यावर रात्र जाते. समजा पाच घरांनी १,८०,००० रुपये घालून बोअर, मोटार आणि पाइपलाइन केली. प्रत्येकाचे ३६,०००. आयुष्य दहा वर्षं धरलं आणि चार वर्षांनी एक घर निघालं, तर सहा दशांश, म्हणजे २१,६०० परत. बोअर कोरडा पडला असेल तर त्याचे पैसे शून्य धरा, मोटार आणि पाइपचे तेवढे मोजा. रक्कम एका दमात मागू नका. पैसा मातीत आहे, तो सुगीलाच निघतो. निघताना एक हप्ता, पुढच्या दोन सुगींना दोन हप्ते, तारखा लिहून. डाळिंबाची बाग असेल तर वयावर किंमत करू नका. तेल्या रोग पडलेली पाच वर्षांची बाग देण्यापेक्षा घेणंच जड असतं. झाडं दोघांनी मिळून एकेक मोजा, डागी झाडांना चुन्याचा पट्टा मारा, मग बोला.

जनावरांच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्याची नोंद नव्या मालकाच्या नावावर करून घ्या, नाहीतर पुढे बाजारात विकताना तो अडकतो. पंढरपुरी म्हैस गाभण असेल तर विकू नका, अर्धलीने ठेवा. सांभाळणाऱ्याचं अर्धं, मालकाचं अर्धं, हा हिशोब इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आणि मोटारीची खोली. वस्ती सोडणाऱ्या माणसाबरोबर सर्वात मोठं नुकसान इथून जातं, कारण वीसेक बारीक गोष्टी फक्त त्याच्या हातांना माहीत असतात. कोणता कॉक उघडला की डाळिंबाला पाणी जातं, कोणता दीड फेऱ्यावरच थांबवायचा कारण पुढचा जोड गळतो. स्टार्टर सारखा पडतो तेव्हा आधी तीन फेज आहेत का बघायचं, मग ओव्हरलोड. रिले वाढवून मोटार चालू ठेवली तर वाइंडिंग जळतं. बोअर किती मिनिटांनी उपसतो आणि मोटार किती वेळ बंद ठेवली की पुन्हा भरतो. वाळूच्या फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या गेजमध्ये दाबाचा अर्ध्या किलोचा फरक पडला की उलटं पाणी सोडून धुवायचा. हे सगळं जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने फुटते. पुठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टार्टरशेजारच्या खिळ्याला अडकवा. मग पाणी धरणाऱ्याला तो वाचून एकट्याला मोटार चालू करू द्या. आपण बाहेर चिंचेखाली बसायचं आणि काहीही बोलायचं नाही. तो जिथे हाक मारेल तिथे पुठ्ठ्यावर एक ओळ कमी आहे.

बाकीचे कागद पटापट होतात: मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक ८, रेशनकार्डावरून नाव कमी, गॅसची बदली, वीजबिलाचं नाव. दोघांच्या सहीचं बँक खातं असेल तर ठराव करून सही बदला, आणि सोयीसाठी आधीच सही करून ठेवलेले चेक सगळ्यांसमोर फाडा. असे चेक असतातच.

निरोपाचं जेवण साधं ठेवावं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, फार तर शेंगापोळी. बाईची ओटी, पुरुषाला टॉवेल-टोपी, आणि द्यायचीच असेल तर सोलापुरी चादर. भाषणं नकोत. हिशोबाची वही जेवणाआधी मिटवा, पंगतीत कुणीतरी विषय काढतंच. निघताना ‘येतो’ म्हणायची आपली रीत आहे, पण वहीत ‘गेलो’ आणि तारीख लिहिलेली हवी. ‘येतो’वर विसंबून खोली रिकामी ठेवली जाते आणि नवं कुटुंब वर्षभर बाहेर थांबतं.

बियाण्याचं गाडगं मात्र निघण्याआधी उघडून बघा. मालदांडीचं बी एकरी चार किलो लागतं. दाणा दाताखाली कट् करून फुटला तर वाळलेला आहे, चेपला तर अजून दोन उन्हं द्या. कडुलिंबाचा पाला आणि राख घालून तोंड मातीने लिंपा, आणि वर खडूने लिहा: कोणत्या वावरातलं, कोणत्या सालचं, कणसं कुणी निवडली.