हा कुणाचा स्किन कलर?

"आत्या, हा कुणाचा स्किन कलर आहे?" गॅदरिंगच्या डान्ससाठी स्टॉकिंग्ज घ्यायला गेलो होतो, दुकानदाराने 'स्किन कलर' म्हणून फिकट गुलाबी स्टॉकिंग्जचं पाकीट पुढे ठेवलं आणि भाचीने ते आपल्या सावळ्या मनगटाला लावून सरळ विचारलं. तो म्हणाला, "एकच येतो बेटा."

घरी येईपर्यंत डोक्यात जॅनेट कॉलिन्स. लॉस एंजेलिसची ही कृष्णवर्णीय पोरगी शाळकरी वयात बॅले रूस द मॉन्टे कार्लो या नावाजलेल्या बॅले कंपनीच्या ऑडिशनला गेली, नाच आवडला त्यांना, पण अट अशी की स्टेजवर यायचं तर चेहरा पांढरा रंगवावा लागेल. ती नाही म्हणाली. त्या वयात, समोर एवढं मोठं नाव असताना! पुढे १९५१ला ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात नाचली. १९५५ला त्याच नावाच्या कंपनीने रेव्हन विल्किन्सन या कृष्णवर्णीय नर्तिकेला घेतलं खरं, पण दौऱ्यावर तिला पावडर लावून गोरं दिसावं लागायचं.

आणि ते बूट. पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे बॅलेचे बूट, गुलाबी असतात ते पायाची रेघ बोटांच्या टोकापर्यंत सलग दिसावी म्हणून, म्हणजे गोऱ्या पायाचीच ना? बाकीच्या मुली वर्षानुवर्षं स्पंजने फाउंडेशन थापून, वाळवून, मग ते घालून नाचल्या. लंडनच्या फ्रीड कंपनीने ब्राउन आणि ब्रॉन्झ शूज काढले ते थेट २०१८ला!

पाकीट आम्ही घेतलं नाही. रात्री भाचीने विचारलं, चहाच्या पाण्यात पांढरे स्टॉकिंग्ज बुडवले तर माझा रंग येईल का? उद्या करून बघतोय. कुणी केलंय का असं?