मागचा डावा कॅलिपर आणि हँडब्रेक : काम कुठवर आलं

गाडी २००५ ची डिझेल स्कोडा ऑक्टाविया, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंगची. तक्रारी दोन आणि दोन्ही एकमेकींच्या उलट. हँडब्रेक आठ-नऊ खटके वर येतो तरी चढावर गाडी धरत नाही, आणि पूर्ण खाली टाकला तरी मागचं डावं चाक मोकळं फिरत नाही. धरायचं तेव्हा धरत नाही, सोडायचं तेव्हा सोडत नाही. एका गॅरेजमध्ये ऐकल्या ऐकल्या सांगितलं, केबल सैल झालीय, ताणून देतो की, दोन मिनिटाचं काम. मी नको म्हटलं. आधी कधीतरी कुणीतरी ती ताणलेलीच होती, कन्सोल उघडून बघितलं तर केबलच्या ॲडजस्टरचा नट जवळजवळ आटे संपेपर्यंत आत गेलेला.

आपल्याकडं बहुतेक गाड्यांना मागं ड्रम असतो म्हणून हे आधी सांगतो. या गाडीला मागंही डिस्क आहे आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमधून, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातून, चालतो. कॅलिपरच्या पाठीवर एक छोटा लिव्हर, केबल त्याला ओढते, लिव्हरचा शाफ्ट आत फिरतो आणि पिस्टनला पुढं ढकलतो. पॅड झिजत जातील तसा पिस्टनच्या आतला ॲडजस्टर आपोआप पुढं सरकतो. पण तो काम करतो कधी, तर लिव्हर मागं पूर्ण आपल्या स्टॉपला टेकला तरच. लिव्हर अर्ध्यावर अडकला की ॲडजस्टर थांबला, मग पॅडची झीज भरून निघत नाही, हँडब्रेक वर वर यायला लागतो, लोक केबल ताणतात, ताणल्यावर लिव्हर अजूनच स्टॉपपर्यंत जात नाही. असं ते चक्र. त्यामुळं माझं म्हणणं एवढंच की या टाइपच्या कॅलिपरमध्ये केबलच्या नटाला हात लावायच्या आधी गाडीखाली वाकून दोन्ही लिव्हर स्टॉपला टेकलेत का ते बघा, टॉर्च मारला की दिसतंय.

सुरुवात टेंपरेचर गननं केली. जांबोटी रोडला सकाळी फेरी मारली, जोरात ब्रेक मुद्दाम दाबले नाहीत, जमेल तिथं गिअरवरच गाडी सावकाश केली, आणि थांबल्या थांबल्या चारी डिस्क बघितल्या. मागची उजवी ५० डिग्रीच्या आसपास, डावी ११० च्या वर. बिनब्रेकची एवढी तापते म्हणजे पॅड घासायलाच लागलेत. मागच्या ब्रेकवर तसा लोड कमीच असतो, ब्रेक दाबल्यावर वजन पुढं जातं, त्यामुळं मागचा एखादा पॅड पुढच्यांच्या आधी संपला तर ब्रेक कमी पडतोय असं नसतं, कुठंतरी काहीतरी सुटत नाहीये असं समजायचं.

मग पुढच्या चाकांना दगड लावून मागं जॅक, खाली घोडी. (नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालणाऱ्यांना नमस्कार.) डावं चाक दोन्ही हातांनी जेमतेम फिरतंय. पहिली टेस्ट, कॅलिपरचा ब्लीड निपल (लाइनमधली हवा, ऑइल बाहेर काढायचं तोंड) सोडला, चार थेंब ब्रेक ऑइल गेलं पण चाक तसंच. म्हणजे लाइनमध्ये प्रेशर अडकून राहिलेलं नाही, होज, म्हणजे ब्रेकचा रबरी पाइप, आतून सुजलेला नाही. निपल सोडल्यावर चाक मोकळं झालं असतं तर होज किंवा मास्टर सिलिंडरकडं बघावं लागलं असतं. दुसरी टेस्ट, केबलचं टोक लिव्हरमधून काढलं. लिव्हर हललाच नाही, अर्ध्यावर तसाच. प्लायरनं मागं ढकलला तर कुरकुरत स्टॉपला गेला आणि चाक लगेच फिरायला लागलं. म्हणजे डाव्या बाजूला केबल निर्दोष, शाफ्टच गंजून जड झालाय, रिटर्न स्प्रिंगला तो ओढवत नाही.

उजवीकडं उलटा प्रकार. लिव्हर बोटानं टकाटक हलतोय, केबलच कव्हरच्या आत अडकतेय. आत हँडब्रेकच्या दांड्याखालची पट्टी, जिच्या दोन टोकांना दोन केबल असतात, ती हँडब्रेक ओढल्यावर सरळ वर यायच्या ऐवजी तिरकी होत होती. चढावर गाडी का धरत नव्हती ते इथं कळलं, उजवीकडं ओढ नीट पोचत नव्हती आणि डावीकडं लिव्हर आधीच अर्ध्यावर असल्यामुळं उरलेला पल्ला अपुरा.

पॅड बाहेर काढले आणि खरी गंमत दिसली. डावा आतला जेमतेम २ मिमी, बाहेरचा ७. शिवाय आतला सगळीकडं सारखा झिजलेला नाही, पाचरीसारखा, खालचं टोक जास्त गेलेलं. कारण स्लाइड पिना. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो म्हणून एकाच पिस्टननं दोन्ही पॅड दाबले जातात. पिन अडकली की बाहेरच्या पॅडला पुरता दाब येत नाही, सगळा भार आतल्यावर. वरची पिन हातानं निघाली, खालची हातोडीनं ठोकून काढावी लागली. तिचा रबर बूट फाटलेला, आत खानापूर साइडचा लाल चिखल वाळून बसलेला, आणि त्यात पिवळं बेअरिंगचं ग्रीस. ते ग्रीस कुणी भरलं माहीत नाही, पण पिनांना ते चालत नाही, मिनरल ग्रीसनं ब्रेकचे रबर फुगतात. तिथं सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच येणारं लाल रबर ग्रीस, तेही पातळ थर. ठासून भरलं तर हवा अडकून पिन मागं येते.

पिना पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केल्या, बूट नवे. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंज वायर ब्रश आणि कानसीनं काढला, नवा पॅड तिथं बोटानं सरकायला पाहिजे, ठोकून बसवायचा नाही. धूळ मात्र तोंडानं किंवा हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. डिस्कची जाडी व्हर्नियरनं बघितली, ८ मिमीच्या वर भरली, नवी ९ ची असते, म्हणून ठेवली.

शाफ्टला पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवलं, मग लिव्हर पुढंमागं, पुढंमागं करत बसलो, दर वेळी काळंलाल पाणी बाहेर. शेवटी स्प्रिंगच्या जोरावर स्वतःहून स्टॉपला टकदिशी जायला लागला. हा कायमचा इलाज नाही हे मलाही कळतंय, शाफ्टचा सील गेल्याशिवाय पाणी आत गेलंच नसतं.

पिस्टन मागं घालणं हे वेगळं प्रकरण. पुढच्यासारखा क्लॅम्पनं दाबून जात नाही, जोर केला तर आतला ॲडजस्टर मोडतो. दाबत दाबत घड्याळाच्या दिशेनं फिरवावा लागतो. पिस्टनच्या तोंडावर दोन खाचा असतात, त्यात बसणारा टूल माझ्याकडं नव्हता म्हणून उद्यमबागला एका लेथवाल्या अण्णांकडं गेलो, प्लेटवर दोन पिना वेल्ड करून पाहिजेत म्हटलं. त्यांनी कॅलिपर हातात घेऊन लिव्हर हलवून बघितला आणि म्हणाले, "स्वल्प टाइट ऐति री," म्हणजे थोडं टाइट आहे हो. टाइट आहे म्हणूनच तर आलोय अण्णा. टूल मात्र असा बसला की विकतचा झक मारेल. पिस्टन मागं जाताना डब्यातलं ब्रेक ऑइल वर चढतं, आधी थोडं काढून घ्या, रंगावर सांडलं तर रंग जातो.

ऑइल सगळंच बदललं, डॉट ४. चोर्ला घाट उतरणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. नवं असताना ते २३० डिग्रीच्या पुढं उकळतं, पण हवेतलं पाणी शोषत राहतं आणि पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येऊ शकते. कणकुंबीच्या पावसात उभ्या राहणाऱ्या गाडीला दोन वर्षांत बदललेलं बरं.

उजवी केबल बदलायची होतीच, जोडीनं दोन्ही घेतल्या. नट पूर्ण सैल करून आधी ब्रेक पेडल बऱ्याच वेळा दाबलं म्हणजे ॲडजस्टर आपली जागा घेतो (पिस्टन मागं घातल्यावर पहिल्यांदा पेडल तळाला जातं, न दाबता गाडी बाहेर काढली तर समोरच्या भिंतीला विचारा), मग नट आवळला, दोन्ही लिव्हर स्टॉपवरून जेमतेम सुटायला लागले तिथं थांबून किंचित मागं घेतला.

आता सवयीचं. आमच्याकडं पावसाळ्यात गाडी गिअरमध्ये टाकायची, चाकाला दगड लावायचा, हँडब्रेक ओढायचाच नाही, कारण ओढला तर सकाळी चिकटतो. ड्रमवाल्या गाडीत हे बरोबर आहे, ओला लायनर रात्रभर ड्रमला धरून बसतो. काका अजून ठामपणे तेच सांगतात. पण या कॅलिपरमध्ये लिव्हर जून ते सप्टेंबर हललाच नाही तर शाफ्ट जागेवर गंजतो. म्हणून मी रात्री गिअर आणि दगड ठेवलाय, पण दिवसा सिग्नलला, रेल्वे गेटला हँडब्रेक मुद्दाम वापरायलोय.

नवे पॅड डिस्कवर घासून बसावेत म्हणून ताशी ५० वरून १० पर्यंत हळू ब्रेक, मधे थंड होऊ द्यायचं, असं करत नेलं. चौथ्या खटक्याला येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर गाडी उभी राहिली, न्यूट्रलमध्ये. जांबोटीहून आल्यावर डावी डिस्क ५८, उजवी ५५.

डाव्या शाफ्टचा सील अजून जुनाच आहे. दिवाळीपर्यंत लिव्हर जड झाला नाही तर सील किट घालून बघणार, झाला तर अख्खा कॅलिपर, आणि मग पिस्टनच्या टूलचे अण्णांनी घेतलेले पैसे तरी वसूल होतील.