आमची वाटचाल : सीटीसी पत्तीच्या दुकानात चिनी चहा

आमचा मूळ धंदा आसामच्या सीटीसी पत्तीचा, म्हणजे यंत्रात चुरून वळलेल्या दाणेदार चहाचा. पुण्यातले टपरीवाले, खानावळी, कँटीन ही वडिलांनी जोडलेली गिऱ्हाइकं. "रंग कसा येतो आणि किलोत कप किती?" एवढेच त्यांचे प्रश्न. आजही दुकान चालतं ते त्यांच्याच जिवावर. चिनी चहा आम्ही त्याला जोड म्हणून सुरू केला.

हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलाँग, काळा आणि पु-अरसारखा मुरवलेला गडद हे सहाही चहा एकाच जातीच्या झुडपाचे, हे ऐकून अजूनही लोक चमकतात. फरक पडतो खुडणीनंतर. चीनमधल्या हांगझोउच्या लाँगजिंग या हिरव्या चहाचं पान तापल्या कढईत हातानं दाबून भाजतात, म्हणून ते हिरवं राहतं. फुजियानमधल्या फुडिंगचा पांढरा चहा नुसता सुकवतात. ऊलाँगचं पान अर्धवट काळवंडू देतात आणि तिथेच थांबवतात. चीनच्याच युनान प्रांतातला पु-अर 357 ग्रॅमच्या दाबून केलेल्या चकत्यांत वर्षानुवर्षं मुरतो.

भावाचा खरा घोळ लाँगजिंगमध्ये. 5 एप्रिलच्या आसपास चिंगमिंगचा चिनी सण येतो. त्याआधी खुडलेल्या कोंबांना सगळ्यात चढा भाव, नंतर तो भराभर उतरतो. साहजिकच, विकणारा प्रत्येक जण आपला माल सणाआधीचाच म्हणतो! आम्ही डब्यावरचं वाचत बसत नाही. 3 ग्रॅम पत्ती, 150 मिली उकळतं पाणी, चार-पाच मिनिटं. पिताना इतकं कडक पाणी हिरव्या चहाला कोणी घालू नये, पण पारखताना दयामाया नाही. मग चोथा पांढऱ्या बशीत पसरायचा. कोंब अखंड, एकसारखे आणि बोटाला मऊ लागले तर माल चांगला. फाटकी, राठ, लहानमोठी पानं निघाली की बोलणी तिथेच संपली. वरून मारलेला वासही दुसऱ्या पाण्यात उडून जातो.

एका पुरवठादाराने नमुना एक दाखवला आणि माल दुसराच पाठवला. तेव्हापासून नमुन्याची पुडी सीलबंद ठेवतो आणि माल आला की दोन्हींचा चोथा शेजारी शेजारी मांडतो. चहावर आयातशुल्कच 100 टक्के, त्यात हलका माल आणून कोणाचं भलं होणार? म्हणून पुड्या 25 ग्रॅमच्या, आणि घेण्याआधी कपभर चाखायला फुकट. वडील ऊलाँगमध्येही साखर मागतात, ती त्यांना मिळते.

पिवळा चहा मात्र आम्ही ठेवत नाही. हुनानचा जुनशान यिनझेन मुळात थोडाच होतो. ओलसर पानं गुंडाळून सावकाश पिवळी करण्याचं काम वेळखाऊ, त्यामुळे त्या नावाखाली बरेचदा साधा हिरवाच चहा हाती येतो.