काबूल पडल्यानंतरचा मंगळवार

१५ ऑगस्ट २०२१ रोजी रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी पारशी नववर्षाची सुट्टी. त्यामुळे काबूल तालिबानच्या हाती गेल्यानंतर आमचे कार्यालय पहिल्यांदा उघडले ते मंगळवारी, १७ तारखेला. मी पुण्यातील एका शैक्षणिक संस्थेत समुपदेशक म्हणून काम करते. पुण्याला अफगाण विद्यार्थी नवे नाहीत. कोणी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर, कोणी घरच्या खर्चाने असे ते वर्षानुवर्षे इथे येतात, वाणिज्य, संगणकशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकतात, तिघे-चौघे मिळून कोंढव्यात किंवा कॅम्पात खोली घेतात, आणि हिंदी तर त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना टीव्हीवरच्या मालिका पाहून आधीच येऊ लागलेली असते. करोनामुळे वर्ग अजून ऑनलाइनच चालू होते, तरी त्या सकाळी परदेशी विद्यार्थी कक्षाबाहेरचा बोळ कार्यालय उघडण्याच्या आतच भरून गेला होता.

समुपदेशन हवे म्हणून त्यांच्यापैकी एकही जण आला नव्हता. कोणाला भारतातील वास्तव्याच्या मुदतवाढीसाठी बोनाफाइड प्रमाणपत्र हवे होते. कोणाला शुल्क भरायला मुदत हवी होती, कारण काबूलमधील बँका बंद होत्या आणि ज्या सराई शहजादा बाजारातील सराफांमार्फत घरून पैसे निघत, तो बाजारही बंद पडला होता. आणि प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच होता, की घरच्यांना भारताचा व्हिसा मिळेल का. आदल्या दिवशी काबूलच्या विमानतळावर धावत्या लष्करी विमानाला लटकलेली माणसे आणि उड्डाणानंतर त्यातून खाली पडलेली माणसे साऱ्या जगाने पाहिली होती. बोळात उभ्या असलेल्या मुलांपैकी काहींची भावंडे त्या वेळी त्याच विमानतळाच्या फाटकाबाहेर होती.

वरिष्ठांची अपेक्षा अशी होती, की मी सगळ्यांना सभागृहात गोलाकार बसवावे आणि त्यांना ‘मन मोकळे करू द्यावे’. हेतूबद्दल शंका नव्हती, पण मी त्याला नम्रपणे नकार दिला. शोकग्रस्तांबरोबर काम करण्याचे आमचे बरेचसे शिक्षण असे गृहीत धरते, की घडायचे ते घडून गेले आहे आणि माणूस आता त्याच्या पलीकडच्या काठावर उभा आहे. इथे काहीच घडून संपले नव्हते. ज्याचा भाऊ तास-दोन तासांत वाचणार की तालिबानच्या हाती सापडणार हे ठरायचे आहे, त्याला ‘तुला काय वाटते आहे’ असे चारचौघांत विचारणे म्हणजे अजून वाहती असलेली जखम उघडून पाहण्यासारखे आहे. आपत्तीनंतर लगेच लोकांना एकत्र बसवून अनुभव सांगायला लावण्याने फायदा होत नाही, काहींचे तर त्याने नुकसानच होते, हे आता मानसोपचारात बऱ्यापैकी मान्य झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतील क्रमही साधा आहे : आधी पाहा, मग ऐका, आणि मग त्या माणसाला ज्याची गरज आहे त्याच्याशी त्याला जोडून द्या. म्हणून मी गोलाकार खुर्च्यांऐवजी कक्षातील लिपिकाला शिक्क्यासह सभागृहातच बसायला सांगितले आणि एक्स्टेंशन बोर्ड, वाय-फायचा पासवर्ड आणि पिण्याचे पाणी यांची सोय करून घेतली. (दरम्यान एका वार्ताहराने फोन करून ‘बोलायला तयार असलेली एखादी मुलगी’ मागितली, तीही शक्य तर रडत असलेली. त्याला काय उत्तर दिले ते इथे लिहिण्यासारखे नाही.)

पहिली अडचण फोनची होती. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येक फोनवर वेगळी चित्रफीत, आणि दर दोन-तीन मिनिटांनी कोणीतरी मोठ्याने काहीतरी वाचून दाखवी, की अमुक वस्तीत घराघरांत झडती सुरू झाली, तमुक रस्ता बंद झाला. खरे-खोटे करायला कोणालाच उसंत नव्हती. ‘फोन जरा बाजूला ठेवा’ हा आमच्या क्षेत्रातील हातखंडा सल्ला त्या दिवशी निव्वळ क्रूर ठरला असता. तोडगा काढला तो एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने. शहरात स्फोट झाला की कोणी कोणाला फोन करायचा, हे त्यांच्या घरात लहानपणापासून ठरलेले होते : वडिलांनी आईला, आईने मोठ्या मुलाला, मोठ्याने धाकट्यांना, म्हणजे सगळे एकाच वेळी एकमेकांना फोन करून लाइन अडवून बसत नाहीत. त्याच धर्तीवर त्याने पाळ्या लावल्या. दोघांनी बातम्या पाहायच्या, दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय काही बोलायचे नाही, आणि दर तासाला जे खात्रीचे असेल तेवढेच सर्वांना सांगायचे. बाकीच्यांनी फोन फक्त घरच्यांसाठी मोकळा ठेवायचा. तासाभरातच सभागृहातील आवाज खाली आला. चार दशकांहून अधिक काळ युद्धात काढलेल्या समाजाजवळ अशा रीतीभाती असणार हे उघड आहे, पण आम्ही मदत करणारी मंडळी आपली पुस्तके बरोबर घेऊन येतो आणि समोरच्याजवळ आधीपासून काय आहे हे विचारायला विसरतो.

दुपारच्या सुमारास वाणिज्य शाखेची एक मुलगी माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेऊ का, असे विचारले. तिची आई काबूलच्या खैरखाना भागात राहत होती. आई शिक्षिका, थोरल्या भावाने परदेशी संस्थेसाठी दुभाष्याचे काम केलेले. घरात ओळखपत्रे, नेमणुकीची पत्रे, प्रशस्तिपत्रके, परदेशी अधिकाऱ्यांबरोबरचे फोटो असा भरपूर ऐवज होता, आणि त्या दिवसांत काबूलमधील कितीतरी घरे जे करत होती तेच आईला करायचे होते, म्हणजे सगळे जाळून टाकायचे होते. मुलीचे म्हणणे इतकेच होते, की जाळण्यापूर्वी प्रत्येक कागदाची प्रत आपल्याकडे यावी, आणि खोलीवरचे इंटरनेट धड चालत नसल्याने ते माझ्या टेबलावर बसून करू द्यावे.

ते काम कसे चालले ते मी शेजारी बसून पाहिले. आई कागद सतरंजीवर पसरून दोन्ही बाजूंचे फोटो काढी आणि पाठवी; मुलगी फोटो मोठा करून शिक्का आणि क्रमांक वाचता येतो की नाही ते पाही, अस्पष्ट असेल तर परत मागवी, मग तो संगणकात ठेवून वहीत दरी भाषेत एक ओळ लिही आणि आईला ‘हो’ म्हणे. त्यानंतर आईने तिच्या फोनमधून फोटो पुसायचा आणि कागद डावीकडच्या गठ्ठ्यात टाकायचा. गठ्ठा लगेच पेटवायचा नव्हता. अवेळी धूर दिसला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना संशय येईल, म्हणून संध्याकाळी नान भाजण्यासाठी तंदूर पेटेल तेव्हाच तो आत जायचा होता. हे सगळे सांगताना मुलीचा आवाज सरकारी कारकुनासारखा कोरडा होता. भावाची पत्रे गेली, मग फोटो गेले, मग धाकट्या बहिणीचे बारावीचे प्रमाणपत्र आले, कारण ज्या शाळेतून ते मिळाले होते तिला परदेशी देणगी होती आणि प्रमाणपत्रावर देणगीदाराचे चिन्ह होते. तिथे मुलगी थोडी थांबली, पण ‘हो’ म्हणाली.

शेवटी आईचे स्वतःचे शिक्षक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आले आणि ते मात्र आईने जाळायला साफ नकार दिला. १९९६ मध्ये तालिबान पहिल्यांदा काबूलमध्ये आले, तेव्हा मुलींच्या शाळा बंद झाल्या होत्या. त्या काळात तिने हाच कागद पिठाच्या डब्यात तळाशी दडवला होता आणि घरातच शेजारच्या मुलींना लिहाय-वाचायला शिकवले होते. डबा अजून तोच आहे, असे ती म्हणाली. मुलीने ते मला हिंदीत सांगितले आणि सांगता सांगता तिला हसू आले, आणि मग त्या हसण्याचेच रडणे झाले, जे बराच वेळ थांबले नाही. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे जे होते ते पलीकडून आईच बोलत होती. नंतर मुलीने पाणी मागितले आणि रविवार दुपारपासून आपण काही खाल्लेले नाही हे तिच्या लक्षात आले. आमच्या शिपाईमामांनी आणलेला वडापाव तिने अर्धा खाल्ला आणि अर्धा बाजूला सारला. घरचे भुकेले असतील आणि मी इथे खाते आहे, हे त्या दिवसांत मी अनेकांच्या तोंडून ऐकले. त्यावर युक्तिवाद करून उपयोग नसतो. मी तिला एवढेच म्हटले, की वहीतली यादी पुन्हा एकदा तपासायची आहे आणि उपाशीपोटी नजर चुकते. तेव्हा तिने उरलेला खाल्ला.

सभागृहात परतले तोवर तिथे वेगळेच पेटले होते. कंदाहारकडच्या खेड्यातून आलेला एक पश्तून मुलगा म्हणाला होता, की त्याच्या गावात गेल्या काही दिवसांत वीस वर्षांत पहिल्यांदा लोक अंगणात झोपू लागले आहेत, कारण आता वरून बॉम्ब पडत नाहीत आणि रात्री-अपरात्री सैनिक दार फोडत नाहीत. त्याच्यासमोर बसलेला मुलगा हजारा, म्हणजे अफगाणिस्तानातील शिया अल्पसंख्याक समाजातला, आणि काबूलच्या दश्त-ए-बरची वस्तीचा. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिथल्या सय्यद-उल-शुहदा शाळेबाहेरच्या स्फोटांत ८० हून अधिक माणसे मेली होती, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुली होत्या. तालिबानचे राज्य आले या बातमीत ‘अंगणात झोपणे’ शोधणारा माणूस त्याला माणूसच वाटेना. आम्ही बाहेरचे लोक ‘अफगाण विद्यार्थ्यांचे दुःख’ असे एकवचनी बोलतो. त्या खोलीत दुःखाची वाटणी जात, भाषा, शहर आणि खेडे यांनुसार झालेली होती, आणि एकाच्या सुटकेत दुसऱ्याचा शेवट होता. मी समेट घडवण्याच्या भानगडीत पडले नाही. दोघांना वेगवेगळ्या टोकांची कामे दिली, एकाला शुल्कमाफीच्या अर्जांचे आणि दुसऱ्याला पोलीस आयुक्तालयात नोंदणीसाठी जाणाऱ्यांच्या यादीचे. त्यांची मैत्री झाली असे काही पुढे घडले नाही, पण दोघेही दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि माझ्या दृष्टीने ते पुरेसे होते.

संध्याकाळी काबूलमध्ये तालिबानची पहिली पत्रकार परिषद झाली. इतकी वर्षे केवळ आवाजाने माहीत असलेले प्रवक्ते जबीहुल्ला मुजाहिद प्रथमच कॅमेऱ्यासमोर आले आणि म्हणाले, की सर्वांना माफी आहे आणि शरियतच्या चौकटीत स्त्रियांना त्यांचे हक्क मिळतील. एका लॅपटॉपभोवती सगळे दाटीवाटीने उभे राहून ऐकत होते. अनुवाद करणाऱ्या मुलाने ‘चौकटीत’ म्हणताना हातांनी हवेत एवढीशी खिडकी काढून दाखवली आणि मुली खदखदून हसल्या. त्याच दिवशी भारताचे राजदूत आणि दूतावासाचे कर्मचारी वायुसेनेच्या विमानाने परत आले होते, आणि त्याच दिवशी भारताने अफगाण नागरिकांसाठी तातडीचा ई-व्हिसा जाहीर केला. त्या बातमीवर पाळीवाल्या दोघांनी खात्री करून घेतली आणि मग ती जाहीर केली, टाळ्या पडल्या. आठवडाभराने, २५ तारखेला, पूर्वी दिलेले व्हिसा रद्द ठरवण्यात आले आणि नव्या ई-व्हिसाशिवाय प्रवेश नाही असे सांगण्यात आले. तो फार थोड्यांच्या हाती पडला. २६ तारखेला विमानतळाच्या फाटकावर स्फोट झाला, त्या रात्री पाळ्यांची व्यवस्था पुन्हा कामी आली.

त्यानंतरचे महिने दिसायला संथ आणि सोसायला अधिक अवघड होते. काबूलच्या बँका उघडल्या, पण खातेदाराला आठवड्याला २०० डॉलरपेक्षा जास्त काढता येईनात. मुले झोपेची तक्रार घेऊन येत आणि बोलता बोलता घरभाड्यावर येत. मी घरमालकांना फोन करण्यात जितका वेळ घालवला तितका त्या वर्षी दुसऱ्या कशात घालवला नसेल, आणि झोपेच्या तक्रारीवर त्याचा गुणही इतर कशापेक्षा जास्त आला. ज्या सरकारने पासपोर्ट दिला ते सरकारच उरले नाही, तर आपण कोणाचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही फोनने सुटणारा नव्हता. तो ते माझ्यासमोर ठेवत आणि मी तो तसाच त्यांच्याबरोबर ठेवून घेत असे.

२० डिसेंबर २०२२ रोजी तालिबानने मुलींना विद्यापीठेही बंद केली. जिचे बारावीचे प्रमाणपत्र आईने जाळले होते ती धाकटी बहीण तोवर काबूलमध्ये पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पोहोचली होती. पुण्यातल्या थोरलीने संगणकातली ती प्रत काढली आणि एका परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी बहिणीच्या नावे अर्ज केला. विद्यापीठाने मूळ कागद मागितला. मूळ कागद का नाही, केव्हा नष्ट झाला आणि प्रत कोणासमोर घेतली गेली, याचे पत्र मी संस्थेच्या शिक्क्यासह लिहून दिले, आणि सोबत त्या वहीतल्या यादीच्या पानाची प्रतही जोडली. विद्यापीठाने तिला तात्पुरता प्रवेश दिला, तो एका सत्रापुरता, पुढच्या सत्राआधी कागदपत्रांचा फेरविचार होईल या अटीवर.